चूल गेली, तिची कामं राहिली

वाड्यात शिरल्यावर स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी लागतं. दिंडीतून आत, मग देवडी, चौक, ओसरी, माजघर, आणि माजघराचा उंबरा ओलांडून एक पायरी खाली उतरलं की ती खोली. डोळे सरावायला मिनिटभर लागतं. हातभर खिडकी, छपरात कुठेतरी धुराडं किंवा कौलांत बसवलेली एखादी काच, आणि कोपऱ्यात एक काळी भिंत. हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते, नखाने खरवडली तर चकचकीत पापुद्रा निघतो. दोन-तीन पिढ्यांच्या लाकडाफाट्याचा धूर तिथल्या गिलाव्यात मुरलेला असतो.

पुण्याच्या पेठांत, वाईला, सासवडला, साताऱ्याला अशी घरं अजून नांदती आहेत. चूल केव्हाच गेली. तिच्या जागी कोळशाची शेगडी आली, मग रॉकेलचा स्टोव्ह, मग सिलिंडर. आता राहणाऱ्यांना फ्रिज, मिक्सर, पाणी शुद्ध करणारं यंत्र हवं असतं, दोघांना एका वेळी उभं राहून काम करता यायला हवं असतं आणि कोपऱ्यात मुलाला वही उघडून बसता आलं तर फारच बरं. यात गैर काहीच नाही. गडबड होते ती पद्धतीत. कॉन्ट्रॅक्टर येतो, ‘सगळं उकरून काढू’ म्हणतो, सिमेंटचा गिलावा, छतापर्यंत टाइल्स, तयार कपाटं, आणि तीन आठवड्यांत किल्ली हातात देतो. पहिला पावसाळा बरा जातो. दुसऱ्या पावसाळ्यात टाइलवर बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज येतो, सिंकखालचं कपाट उघडलं की कुबट वास येतो, आणि वर, जिथे तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे, लाकडाचा भुसा पडायला लागतो.

हे का होतं ते समजायचं तर चूल काय काय करत होती ते बघायला हवं. स्वयंपाक हे तिचं एक काम. दुसरं काम घर वाळवण्याचं. मातीच्या भिंती जमिनीतून ओल वर ओढतात, दिव्याची वात तेल ओढते तशी. रोज पहाटेपासून पेटणाऱ्या चुलीची ऊब ती ओल परत हवेत सोडायची आणि धुराड्यातून वर जाणारा धूर ती हवा बाहेर न्यायचा. तिसरं काम छपराचं. धुराने वासे, कड्या आणि कड्यांवरचे पाट (फळ्या) कोरडे राहायचे आणि कडवट काजळी बसलेल्या लाकडाकडे किडा सहसा फिरकत नसे. चूल काढली तेव्हा ही दोन कामं कुणाच्याच वाट्याला दिली गेली नाहीत. स्वयंपाकघर नवं करायचं म्हणजे ती कामं आता कोण करणार हे आधी ठरवायचं. टाइलचा रंग त्यानंतर.

म्हणून पहिलं काम हातोड्याचं नाही, बघण्याचं आहे, आणि ते श्रावणात करावं. उन्हाळ्यात प्रत्येक वाडा कोरडाच दिसतो. भर पावसाळ्यात दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून चारी कडांनी पट्टी चिकटवून बंद करावा आणि एक दिवस तसाच राहू द्यावा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ थंड भिंतीवर बसते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात बाहेरची जमीन, पन्हळ, गटार, जोत्याला लागून केलेलं काँक्रीट बघायचं, दुसऱ्यात हवा खेळती करायची. दोन्ही बाजूंना जमले तर दोन्ही करायचं, आणि असंच बहुतेक वेळा असतं.

त्याच फेरीत ओळंबा सोडून भिंत किती कलली आहे ते मोजून ठेवावं. दहा फूट उंचीत दोन इंचांचा फरक वाड्यात नवलाचा नाही. मग खांब. वाड्याचा भार मुळात लाकडी सांगाड्यावर असतो: खांब, तुळई, वर कड्या आणि पाट. खालच्या अंगाला दगड किंवा भाजलेली वीट, वर पांढऱ्या मातीचे भेंडे (न भाजलेल्या विटा), ही भिंत बरेचदा नुसती भरलेली असते. पण सव्वाशे वर्षांत खांबाचं बूड कुजलं असेल तर भार गुपचूप भिंतीवर उतरलेला असतो, आणि ‘ही भिंत भाराची नाही’ असं म्हणून ती पाडणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर येतं. भिंतीत दडलेला प्रत्येक खांब तळखड्यापाशी, म्हणजे बुडाच्या दगडापाशी, वीतभर उकलून बघावा. जाड टोच्या लाकडात रोवून पाहावा. चांगल्या सागवानात तो दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. बोटभर आत गेला तर स्वयंपाकघराचा विचार बाजूला ठेवून आधी खांबाचं बूड बदलावं, आणि त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा.

कागदपत्रांचंही इथेच उरकावं. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर परवानगी लागते. भाडेकरूला मालकाच्या लेखी संमतीशिवाय बांधकामात फेरफार करता येत नाही. आणि एकाच वाड्यात भावाभावांच्या चुली वेगळ्या झालेल्या असतील तर धुराडं कुणाचं आणि मोरीचं पाणी कुणाच्या चौकातून जायचं, हे गवंडी यायच्या आधी बोललेलं बरं.

आता भिंत. जुनी भिंत श्वास घेते असं म्हणायची पद्धत आहे. त्यामागची गोष्ट साधी आहे. माती आणि चुना दोन्ही सच्छिद्र, त्यामुळे ओल पृष्ठभागापर्यंत येते आणि उडून जाते. सिमेंटचा गिलावा त्या मानाने घट्ट आणि कडक. ओल त्याच्यामागे अडते, पाण्यातले क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतात आणि फुगताना मऊ मातीचा थर घेऊन गिलावा सुटतो. लोणा लागला म्हणतात तो हाच. वर छतापर्यंत टाइल असली तर ओल टाइलच्या वरच्या कडेपर्यंत चढते, आणि तिथे नेमकी तुळई असते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत भेंड्यांच्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या होत्या. पुराचं पाणी ते काम तासाभरात करतं, सिंकची गळकी नळी दहा वर्षांत.

गिलावा चुन्याचाच हवा, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. काळी भिंत आधी साफ करायची. धुराने चिकट झालेल्या गिलाव्यावर चुना धरत नाही. धरलाच तर महिन्याभरात तपकिरी डाग वर येतात, कितीही हात मारले तरी. त्यामुळे काजळलेला तेवढा गिलावा मातीपर्यंत खरवडून काढावा. जिथे मातीच पोकळ झाली असेल तिथे आधी मातीचा थर: चाळलेली पांढरी माती, वाळू, बारीक कापलेलं गवत किंवा भाताचं तूस आणि थोडं शेण, हे कालवून आठ-दहा दिवस मुरू द्यायचं. रोज एकदा पायाने तुडवायचं. मुरलेल्या गाऱ्याला आंबूस वास येतो आणि ते हाताला लोण्यासारखं लागतं. भिंतीवर पाणी शिंपडून बोटभर जाडीचा थर द्यायचा आणि तो पुरता वाळून ज्या भेगा पडतील त्या पडू द्यायच्या. त्या भेगांतच पुढचा चुना पकड घेतो.

चुन्याची पावडर पिशवीतून आणून गिलावा करणारे पुष्कळ. पिशवी महिनोन्‌महिने दुकानात पडून हवेतला कार्बन डायऑक्साइड पिते आणि चुन्याचा पुन्हा चुनखडीचा भुगा होतो. त्याने भिंत पांढरी होईल, गिलावा धरणार नाही. ओळखायची खूण स्वयंपाकघरातलीच आहे. चमचाभर चुन्यावर लिंबू पिळावं. जोरात फसफसला तर तो मेलेला. कळीचा चुना मिळाला तर उत्तम. टाकीत आधी पाणी घ्यायचं आणि त्यात कळी थोडी थोडी सोडायची, उलट कधी नाही. पाणी उकळतं, शिंतोडे उडतात, डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. डोळ्यात चुना गेला तर दृष्टी जाऊ शकते. विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली किमान तीन आठवडे ठेवायचा. जितका मुरेल तितका चिकट.

मग प्रमाण: चुना १, सुरखी (विटांची भुकटी) १, धुतलेली चरचरीत वाळू २. सुरखीमुळे चुना ओलसर जागीही घट्ट होतो, म्हणून सिंकच्या भिंतीला ती हवीच. एका वेळी १० मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये. दोन थरांत आठवडाभर अंतर ठेवावं आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली सावकाश सुकू द्यावा. पंखा लावून वाळवलेला चुना भुकटी होऊन हाताला येतो. जुने गवंडी यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालायचे. आजही घालतात, पण माप चुकलं तर गुळाने बुरशी येते. स्वयंपाकघरात तरी तो मोह टाळावा. वर चुन्याची सफेदी. प्लॅस्टिक इमल्शन लावलं तर आधीचा सगळा खटाटोप त्या एका डब्याने वाया जातो.

सिंकमागे आणि शेगडीमागे धुता येईल असं काही हवंच. त्यासाठी अख्खी भिंत टाइलने मढवायची गरज नाही. ओट्यापासून दीड-दोन फूट पुरतं. तेवढा कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा पातळ तक्ता ओट्यावर उभा ठेवून मागे बोटभर फट सोडावी, वरची कड उघडी ठेवावी. ओल त्या फटीतून वर निघून जाते. शेगडीमागे स्टीलचा पत्राही चालतो, आणि तो काढून घासता येतो, हे टाइलच्या फटी घासणाऱ्याला सांगायला नको.

लाकडावरची काजळी मात्र सगळी काढायची घाई करू नये. पितळी ब्रशने सुटा थर झाडावा, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून फडक्याने पुसावं, लगेच साध्या पाण्याने पुसून कोरडं करावं. मग उकळलेलं जवसाचं तेल, हार्डवेअरच्या दुकानात ज्याला बेलतेल म्हणतात ते, निम्म्यास निम्मं टर्पेंटाइन घालून. लाकूड पिईल तेवढंच लावायचं, उरलेलं तासाभरात पुसून घ्यायचं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवावीत किंवा अंगणात पसरून वाळवावीत. लाकडाच्या वाड्यात ही गोष्ट दोनदा सांगितली तरी जास्त होत नाही.

फरशी उचलली की वाळवीचं औषध मारायची हीच वेळ. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या रेषेत फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडायची आणि प्रत्येकात लिटरभरापर्यंत द्रावण सोडायचं. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्क्यांचं असेल तर लिटरला २.१ मिलिलिटर. चौकात आड असेल आणि त्याचं पाणी वापरात असेल तर त्या बाजूला हे करूच नये. तिथे खांबाच्या बुडाला ब्रशने औषध लावण्यावर भागवावं.

शहाबादी फरशी जमीन म्हणून अजूनही उत्तम. जुनीच उचलून, उलटी करून, चुना-वाळूच्या बिछान्यावर पुन्हा बसवता येते. खालची बाजू बहुधा कोरीच असते. वाडा माडीचा असेल आणि स्वयंपाकघर वर न्यायचा बेत असेल तर वजनाचा हिशेब आधी. १० बाय १२ च्या खोलीत दोन इंच सिमेंटचा बिछाना घातला तर कड्यांवर जवळजवळ सव्वा टन पडतो, फरशी वेगळी. दहा फूट लांब, दोन फूट रुंद, १८ मिलिमीटर जाड ग्रॅनाइटचा ओटा ९० किलोंचा, खालच्या उभ्या कडप्प्याची एकेक पट्टी ३० किलोंची. माडीवर लाकडी किंवा लोखंडी चौकटीचा हलका ओटा करावा आणि तो भिंतीला न टेकवता तुळईच्या रेषेत ठेवावा. खरं म्हणजे स्वयंपाकघर वर नेऊच नये. मातीच्या घरात पाणी खालीच बरं.

पाण्याचं गणित पूर्वी मोरीत होतं. प्लंबर अख्ख्या देशभर ज्याला नाहणी ट्रॅप म्हणतात त्या शब्दात आपली न्हाणी अजून जिवंत आहे. जुनी मोरी बाहेरच्या भिंतीला असते आणि तिचं पाणी परसात जायची वाट ठरलेली असते, तेव्हा सिंक शक्यतो तिथेच ठेवावं. हौसेने खिडकीखाली किंवा खोलीच्या मधोमध नेलं तर नळीला उतार मिळत नाही. चेंबर १४ फुटांवर असेल तर ४० फुटांना एक फूट या हिशेबाने सव्वाचार इंचांचा उतार लागतो, आणि वाटेत जोत्याचा घडीव दगड आला तर गवंडी तो फोडायला निघतो. जोतं फोडू देऊ नये. सगळ्या नळ्या भिंतीच्या बाहेरून, क्लिपांवर, दिसतील अशा न्याव्यात. मातीच्या भिंतीत पुरलेल्या नळीचा सांधा सुटला तर ते कळायला वर्ष जातं. पाणी शुद्ध करणारं यंत्र भिंतीला टांगलं की त्याच्या टाकाऊ पाण्याची बारीक नळी कुठे तरी ठिबकतेच. ती सिंकमध्ये उघड्यावर सोडावी आणि यंत्र भिंतीऐवजी ओट्यावरच्या घडवंचीवर ठेवावं.

ओट्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण वाड्यात ओटा मुळात नव्हताच. स्वयंपाक जमिनीवर बसून व्हायचा: चूल, तिच्या बाजूचा वैल, समोर पाट, हाताशी परात, काठवट, विळी. कढई गुडघ्याच्या उंचीला असायची आणि भाकरी थापताना खांद्याचा जोर सरळ खाली पडायचा. उभ्याच्या ओट्याने कंबर आणि गुडघे वाचवले. पण एकच उंची सगळ्या कामांना लावली, आणि तिथे घोळ झाला. कोपर काटकोनात वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावं. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचं ते अंतर ३८ इंचांच्या आसपास भरतं. त्यातून चार-पाच इंच वजा केले की चिरणं-निवडणं या कामांची उंची निघते, ३३-३४ इंच. त्याच ओट्यावर शेगडी ठेवली तर तिचे चार इंच आणि कढईचे चार इंच धरून झारा कोपराच्या वर जातो आणि संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. पुरणाचं तर बोलायलाच नको. पुरण आटवताना हात वरून खाली रेटावा लागतो.

म्हणून ओट्याला एक पायरी द्यावी. शेगडीचा चार-साडेचार फुटांचा भाग २९-३० इंचांवर, बाकीचा ३३-३४ वर. खालच्या भागात शेगडीला लागून दोन फूट मोकळे ठेवले की भाकरी तिथेच थापता येते आणि पोळ्याही लाटता येतात. सिंकचा तळ सात-आठ इंच खाली असतो, तेव्हा सिंकची कड ३५-३६ ला नेली तर भांडी घासताना वाकावं लागत नाही. घरात दोघं स्वयंपाक करणारे असतील तर मापं दोघांची घ्यावीत. ‘स्टँडर्ड साइज’ सांगणाऱ्याने तुमचं कोपर मोजलेलं नसतं.

दगड कोणता, याला उत्तर आंबटात आहे. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंचेचा कोळ, आगळ सांडून राहिलं की आम्ल दगड खातं आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. आमसुलाचं सार करणाऱ्या घरात ओट्याला ग्रॅनाइट घ्यावा, कडप्पा खालच्या फळ्यांना वापरावा.

आता आगीकडे. या सगळ्यात जिवावर बेतेल अशी गोष्ट एकच, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. वाड्यातली हवेची सगळी सोय धुरासाठी केलेली आहे, आणि धूर वर जातो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो खाली जातो. गळती झाली तर तो पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, आणि स्वयंपाकघर माजघरापेक्षा पायरीभर खाली असलं, मध्ये सहा इंचांचा उंबरा असला, तर ती खोली एक हौद होते. वरचं धुराडं कितीही मोठं असो, त्या हौदाला ते उपयोगाचं नाही. त्याहून वाईट म्हणजे शेजारी धान्याचं बळद किंवा तळघर असणं. गॅस तिथे उतरून साचून राहतो, आणि कुणीतरी दिव्याचं बटण दाबेपर्यंत काही कळत नाही.

तेव्हा बाहेरच्या भिंतीत जमिनीपासून सहा इंचांच्या आत, किमान सहा बाय सहा इंचांची जाळी हवी, उघड्यावर निघणारी, उंदीर न येईल इतक्या बारीक तारेची. सिलिंडर उभा, शेगडीपेक्षा खाली, आणि दार लावलेल्या कपाटात ठेवायचाच असेल तर त्या कपाटाला तळाशी आणि वर भोकं. नळी तारेच्या आवरणाची, दीड मीटरच्या आतली, पाच वर्षांनी बदलायची. तळघराचं झाकण आणि बळदाचं तोंड स्वयंपाकघरात उघडत असेल तर सिलिंडर बाहेर ओसरीला ठेवून तांब्याची नळी आत आणावी. पाइपचा नैसर्गिक वायू आला असेल तर उलटं: तो हवेपेक्षा हलका, वर जाऊन पाटांखाली साचतो. त्याला धुराडं लागतं. शहरात आज ना उद्या सिलिंडर जाऊन पाइप येतो, मध्येच पुन्हा सिलिंडर येतो. खालची जाळी आणि वरचं धुराडं, दोन्ही उघडी ठेवावीत. ‘धूळ येते’ म्हणून धुराडं बुजवणं ही या घरांतली सगळ्यात नित्याची चूक.

धुराडं असेल तर विजेच्या चिमणीची नळी त्यातूनच वर काढावी. नळी सहा इंच व्यासाची, वळणं एक किंवा फार तर दोन, आणि तोंड कौलांच्या वर. नळी पोटमाळ्यात सोडून देणारे लोक आहेत. तेलकट वाफ कोरड्या लाकडावर बसत राहते, आणि पुढे काय होतं ते लिहायला नको. भिंतीतून काढायची झाली तर यंत्राने पाणी मारत भोक पाडू देऊ नये, भेंडे विरघळतात. छिन्नीने कोरडं कोरावं, पत्र्याची नळी बसवून तिला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा, नाहीतर पाऊस आत येतो. चिमणी स्वयंपाक संपल्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवावी. घर वाळवण्याचं चुलीचं जे काम होतं त्यातलं थोडं तिच्यावर येतं, आणि पावसाळ्यात ते रोज करावं लागतं.

विजेचं थोडक्यात. लाकडी पट्टीतलं जुनं वायरिंग दोन तारांचं असतं, अर्थिंग नसतं, रबर वाळून तडकलेलं असतं. ते दुरुस्त करायचं नाही, काढायचं. इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १४००, मिक्सर ७५०, फ्रिज १५०: एका वेळी चालले तर जवळजवळ १९ अँपिअर. तेव्हा इंडक्शनला आणि मायक्रोवेव्हला वेगवेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि अंगणात नवा अर्थिंगचा खड्डा. मातीच्या भिंतीत झिरी मारू नये. पाइप भिंतीवरून उघडाच न्यावा, खांबाच्या कडेने नेला तर डोळ्याला खुपतही नाही.

साठवणीला वाड्यात जी सोय आहे ती अर्धी लढाई जिंकते. फडताळं, कोनाडे, देवळ्या भिंतीच्या दोन फूट जाडीत कोरलेल्या असतात, जागा खात नाहीत. त्यांना आतून चुन्याचा हात मारून कडप्प्याची फळी घातली की मसाल्याचे डबे बसतात. नवी टांगती कपाटं मात्र मातीच्या भिंतीला लावू नयेत. प्लगसह स्क्रू भेंड्यात धरत नाही. डब्यांसकट चाळीस किलोंचं कपाट एक दिवस भिंतीचा ढेपसा घेऊन खाली येतं. जमिनीवर उभी राहणारी मांडणी करावी, किंवा दोन खांबांमध्ये आडवी लाकडं जोडून त्यावर फळ्या. प्लायवूड आयएस ७१० चं, म्हणजे ओल सोसणारं मरीन प्लाय, घ्यावं. भुश्याच्या दाबलेल्या फळीला इथली हवा दोन पावसाळे सोसत नाही. सहाशे मिलिमीटरच्या तयार खणांची मापं कललेल्या भिंतीला जुळतही नाहीत. सुताराकडून जागेवर करून घेतलेलं बरं. खालची कपाटं चार इंची पायांवर, मागे इंचभर फट, आणि पाठीची फळी स्क्रूवर, काढता येईल अशी.

उरला माजघराकडचा पडदा. जुनं स्वयंपाकघर मागे, अंधारात होतं, कारण तिथे राबणाऱ्या बायकांनी दिसू नये आणि सोवळ्यात कुणाचा हात लागू नये अशीच रचना होती. वाडा जपायचा म्हणून तो अंधारही जपायचं कारण नाही. माजघराच्या भिंतीत एक खण उघडावा, नेमका दोन खांबांमधला. खांब हलवायचा नाही, तुळई कापायची नाही. आधी दोन्ही बाजूंनी तीन-तीन फुटांवर टेकू द्यायचे. भिंत जाड असते, म्हणून एका अंगाने अर्धी जाडी कोरून पहिली आडवी तुळई बसवायची, टोकं नऊ-नऊ इंच दगडावर टेकवून पाचरी ठोकायच्या, मग दुसऱ्या अंगाने दुसरी. दोन्ही बसल्यावरच खालची माती वरून खाली उतरवायची. खालचे तीन फूट तसेच ठेवले तर त्यावर फळी टाकून जेवायची जागा होते, मूल तिथे अभ्यासाला बसतं, आणि पोळ्या लाटणाऱ्याला चौकातला उजेड मिळतो.

कामाचा हंगाम दसऱ्यानंतर. दिवाळीच्या आसपास फरशी, वाळवी आणि नळ, डिसेंबरात मातीचा थर, जानेवारी-फेब्रुवारीत चुना, मार्चपासून सुतार. सगळं मृगाच्या आत. तोवर माजघरात तात्पुरती शेगडी मांडून भागवावं लागतं, आणि त्या सहा महिन्यांत घरात कुरबुरी होतात हेही अंदाजात धरावं.

पुढच्या श्रावणात एकदा सिंकखालच्या कपाटाची पाठीची फळी काढावी आणि तोच दीड फुटी प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. कोरडा निघाला तर फळी परत बसवावी.